इंग्रजी पेपरातले बोंबील

घणसोली गावात माझ्या तीन खोल्यांमधून आजवर नाना तऱ्हेचे भाडेकरू राहून गेले, पण बोंबील आधी वाचून मग खाणारा माणूस मी एकच पाहिला. असा दुसरा कुणी अख्ख्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर शोधून दाखवावा, मी माझी होडी त्याच्या नावावर करून देईन.

हा आमचा भाडेकरू साताऱ्याकडचा. वय चौतीस-पस्तीस, अंगानं काटकुळा, रस्त्यापलीकडच्या एका औषधाच्या कंपनीत हेल्पर. पहिल्याच दिवशी मला 'तात्या' म्हणाला. आमच्यात तात्या कुणी म्हणत नाही. पण त्यानं इतक्या खात्रीनं म्हटलं की मी गपचूप तात्या झालो. बारावी झालेला होता. पदवी मिळाली तर कंपनी त्याला पिंपं ढकलण्यातून काढून आत प्रयोगशाळेत घेणार होती, म्हणून या वयात त्यानं कॉलेजात नाव घातलं. कॉलेजानं घेतलंही, पण अट घालून. इंग्रजीची एक वेगळी परीक्षा पास व्हायची; टेपवरचं बोलणं ऐकून उत्तरं लिहायची, छापलेले उतारे वाचून उत्तरं लिहायची. संधी दोन. दोन्ही वेळा आपटला तर नाव कमी, आणि पिंपं आहेतच.

मी स्वतः चौथीपर्यंत शिकलो. मला कुणी नापास केलं नाही, शाळा मी सोडली. त्यामुळे परीक्षेला घाबरणारा माणूस मला आधी समजतच नसे. पण याचं घाबरणं फार मेहनती होतं. इंग्रजी दिसलं की वाचायचं, असा त्यानं नेमच केला होता. साबणाचा कागद, काडेपेटीची पाठ, विजेचं बिल, भिंतीवरची जाहिरात, काही सुटायचं नाही. एकदा माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी त्यानं हातात घड्याळ धरून वाचली, आणि वर मला मराठीत अर्थ सांगितला. चक्कर येते, मळमळतं, तोंड कोरडं पडतं. दोन वर्षं मी त्या गोळ्या घेत होतो, मला काही झालं नव्हतं. त्या संध्याकाळी तिन्ही झालं. आमच्या घरातून तेव्हा फर्मान सुटलं की यापुढे औषधाला हात लावायचा नाही, वाचायचं तर माझं पातेलं वाच, त्याच्यावर पण नाव हाय.

आमची मंडळी गावाच्या नाक्यावर मासळी घेऊन बसते. नव्या बिल्डिंगींतून आलेली रद्दी तिच्या टोपलीखाली असायची, त्यात मराठीही असे आणि इंग्रजीही. हा रोज एक वाटा बोंबील घ्यायचा आणि म्हणायचा, "मावशी, इंग्रजी पेपरात बांधा."

"मराठी पेपरान बांधलं तं चव जाते काय रं?"

"चव नाही मावशी, अभ्यास जातो."

खोलीवर जाऊन तो आधी कागद सोडवून पाटावर पसरायचा. बोंबील म्हणजे निम्मं पाणी. तोवर कागद भिजून मधलीमधली अक्षरं बोंबलांच्या अंगावर गेलेली असायची. याला त्याचंच कौतुक! म्हणायचा, "तात्या, परीक्षेत पण असंच असतं, गाळलेल्या जागा भरायच्या." एखादा शब्द अगदीच अडला तर मासा उलटा करून त्याच्या पाठीवर बघायचा. 

हे झालं वाचण्याचं. ऐकण्यासाठी त्याच्याकडे एक टेप होता आणि सरावाची एकच कॅसेट. परीक्षेत टेप एकदाच वाजणार, आणि हा मात्र खोलीत एक वाक्य दहादा मागे घेऊन ऐकायचा. मी दारातून बघत होतो. शेवटी म्हटलं, ही लबाडी हाय. आण इकडं. तेव्हापासून बटणावर माझं बोट. रोज संध्याकाळी सहाला मी उंबऱ्यावर टेप मांडीवर घेऊन बसायचो, तो आत वही घेऊन.

"तात्या, फक्त एकदा मागं घ्या."

"नाय."

"अहो, शेवटचा शब्द..."

"गेला तो. फुडं चल."

एवढा कडक सुपरवायझर सरकारलाही मिळाला नसता. आणि जागा म्हणाल तर खोलीच्या एका भिंतीला पिठाची गिरणी, समोर देऊळ, लग्नाच्या मोसमात गल्लीत कुणाची ना कुणाची हळद आणि तिचा बेंजो. त्या गदारोळात हा माणूस डॉक्टरसारखा टेपला कान लावून उत्तरं लिहायचा आणि दहातली आठ बरोबर यायची. मी गावभर सांगून ठेवलं होतं, आमचा भाडेकरू पहिल्या फटक्यात पास.

पहिल्या फटक्यात नापास झाला. वाचण्यात नाही, ऐकण्यात. उंबऱ्यावर येऊन बसला, चपलाही काढल्या नाहीत. म्हणाला, "तात्या, त्या हॉलमध्ये एवढी शांतता होती की मला काही ऐकूच आलं नाही. गिरणी नाही, बेंजो नाही. मी वाटच बघत बसलो की आता सुरू होईल. तोवर टेप संपली."

आता हा दोष कुणाचा? सराव मी घेतला, तेव्हा दोष माझा. मी तसं त्याला म्हणालो नाही. मी असलं म्हणत नसतो. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणालो, टेपात सेल घाल आणि होडीत बस.

आमच्या खाडीत तिवरांच्या आत एक वळण आहे, तिथे बगळा उडाला तरी ऐकू येतो. तिथे मी होडी लावली आणि बटण दाबलं. कॅसेटवर एक पुरुष आणि एक बाई बोलायची. गिरणीच्या आवाजात मी त्यांचं कधी नीट ऐकलंच नव्हतं. तिथे ऐकलं आणि गुंतलो. चाळीस वर्षांत मला ओहोटीनं फसवलेलं नाही. त्या दिवशी मीच तिच्याकडे लक्ष दिलं नाही. होडी चिखलात बसली. भरती येईपर्यंत करायचं काय? कॅसेट पुन्हा लावली, पुन्हा लावली. सेल उतरले. बाईचा आवाज जाड होत होत पैलवानासारखा झाला, एकेक शब्द वल्हं मारल्यासारखा सुटा यायला लागला. आणि हा होडीत उभा राहून ओरडला, "तात्या, सगळं समजतंय! सगळं!" मी सेल काढून खिशात घातले. म्हटलं, परीक्षेत सेल नवीन असतील.

दुसऱ्या दिवशी नवे सेल घालून पुन्हा गेलो, भरती बघून. एका प्रश्नाला तो अडला. बाईनं त्या पुरुषाला काय उत्तर दिलं, असं काहीतरी होतं. हा एका शब्दाला धरून बसलेला, तो शब्द काही त्याला सापडेना. मी म्हटलं, "ती नाय बोलते, पण तिला जायचं हाय. त्यानं आनखी एकदा विचारावं, एवढंच तिचं म्हननं हाय."

त्यानं कॅसेटबरोबरच्या पुस्तकाच्या मागे उत्तर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "तात्या, तुम्हाला इंग्रजी येतं?"

"इंग्रजी नाय येत. बायको हाय मला."

मग मी त्याला समजावलं की जाळं ओढताना एक बोय मासळी निसटली म्हणून कुणी तिच्यामागे पाण्यात उडी मारत नाही, हातातलं ओढत राहायचं. शब्द गेला तर जाऊ दे, माणूस काय बोलतोय ते ऐक. पुढचे दोन महिने आम्ही रोज त्या वळणावर गेलो. शब्द तो ऐकायचा, माणसं मी ऐकायचो.

दुसरी परीक्षा झाली. कशी गेली हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण महिनाभर आम्हा दोघांनाही जेवण गेलं नाही. निकालाच्या दिवशी मी मुद्दाम नाक्यावर मंडळीच्या शेजारी जाऊन बसलो. संध्याकाळी तो आला. चेहऱ्यावरून काही कळेना. टोपलीसमोर उभा राहिला, खाली बघून म्हणाला, "मावशी, एक वाटा बोंबील."

तिनं इंग्रजी कागद ओढला.

"नको मावशी. आज मराठी पेपरात बांधा."

तिनं त्या दिवशी एका वाट्यावर दुसरा वाटा घातला आणि माझ्याकडे न बघता पदरानं डोळे पुसले. मीठ गेलं म्हणाली.

पुढे त्याला पदवी मिळाली, प्रयोगशाळा मिळाली, आणि मग कंपनीनं त्याला गुजरातेत पाठवलं. जाताना टेप आणि कॅसेट मला देऊन गेला. म्हणाला, "तात्या, त्या दोघांचं काय बोलणं आहे ते एकदा सगळं मराठीत सांगतो." मी नको म्हटलं. मला कळलंय तेवढं पुरे आहे.

खोलीत आता दुसरे राहतात, बरे आहेत, भिंतीसुद्धा वाचत नाहीत. मंडळी हल्ली मासळी प्लास्टिकच्या पिशवीत देते. घरी आणलेली पिशवी मी सोडवतो, आणि का कोण जाणे, एकदा उलटी करून बघतो. तिच्यावर काही लिहिलेलं नसतं.