‘दुआव’ला ओळखतं कोण

कॉम्प्युटरच्या पडद्यावर पानाच्या माथ्याशी एक नारिंगी पट्टी उगवली होती. नांग तिबांगनं ती वाचली, चष्मा झग्याला पुसला आणि पुन्हा वाचली. मग हातातला अर्धा खाल्लेला इबोस तिनं बशीत ठेवून दिला. नारळाच्या पानात वळलेला तो गोडसर चिकट भात तिनं आयुष्यात कधी अर्धवट टाकला नव्हता. आईच्या मयतीलासुद्धा नाही, आणि हे सांगणाऱ्यानं ते स्वतः पाहिलं आहे.

पट्टीवर लिहिलं होतं : ‘या संस्थेची उल्लेखनीयता सिद्ध झालेली नाही. पान वगळावं का, यावर आठवडाभर चर्चा होईल.’

बाईसाहेबांचं खरं नाव प्रिमितिवा गुमाबोन. इलोइलो प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या गावात पन्नाशी ओलांडली की बाई सगळ्यांचीच नांग होते, म्हणजे थोरली बहीण, म्हणून ही नांग तिबांग. अख्खी नोकरी तिनं पोस्टाच्या खिडकीमागे काढली. पाकीट ती कधी उघडत नसे, तेवढी अब्रूदार होती. पण नुसतं हातावर तोलून सांगायची, की दुबईतल्या नवऱ्याचं मन अजून घरात आहे की दुसरीकडे लागलंय. दहात नऊ वेळा बरोबर निघायचं. दहाव्या वेळी नवरा बिचारा खरंच आजारी असायचा, तोवर इकडे बायकोनं त्याचे शर्ट वाटून टाकलेले असायचे.

निवृत्त झाल्यावर तिला इंटरनेटवरचा ज्ञानकोश सापडला. कुणीही लिहावं, फुकट लिहावं, आणि प्रत्येक वाक्याखाली ‘हे कुणी म्हटलं’ ते सांगावं. ‘मी सांगितलं म्हणून सांगू नकोस हं’ या बोलीवर जिनं जन्मभर बातम्या वाटल्या, तिला हा नियम कसा रुचावा? पण दारू सोडलेला माणूस जसा दारूवाल्यांना प्रवचनं देत हिंडतो, तशी ती पुराव्याच्या नादी लागली. बाजारात कुणी म्हणालं, मासळी महागली, की ही विचारणार, “संदर्भ?” मासळीवाल्या तिला संदर्भबाईच म्हणायला लागल्या. तिनं किनाऱ्यावरच्या माशांवर लिहिलं, चर्चच्या तडकलेल्या घंटेवर लिहिलं, कुणाला आठवतही नसलेल्या एका बिशपवर लिहिलं. आणि शेवटी ‘दुआव’वर लिहिलं.

दुआव म्हणजे आमच्या बोलीत भेटीला जाणं. ज्यांचं माणूस प्रांताच्या तुरुंगात खितपत पडलंय, त्या बायकांचं हे मंडळ. खितपत म्हणजे शिक्षा भोगत नव्हे. शिक्षा झाली तर निदान कधी सुटणार ते तरी कळतं. हे खटल्याची वाट पाहणारे. नांगचा धाकटा भाऊ पोलदो सहा वर्षं आत होता, आणि न्यायाधीशासमोर उभा राहिला होता एकदाच. तेव्हाही न्यायाधीश रजेवर निघाल्यामुळे उभ्याउभ्याच परत आला.

मंडळाची मूळ बाई लोला सेबिया, म्हणजे सेबिया आजी, वय ऐंशीच्या पुढे, दात चार, आवाज मात्र घंटेचा. तिनंच ती युक्ती काढली. आमच्याकडे नाताळची गाणी म्हणत कुणी दारात आलं, तर दार उघडून काहीतरी हातावर ठेवल्यावाचून घरधन्याला सुटका नसते. न उघडणाऱ्याची वर्षभर नालस्ती होते. लोला सेबिया बायकांना घेऊन न्यायाधीशाच्या दारी नाताळची गाणी म्हणायला गेली. ऐन एप्रिलात. न्यायाधीशानं दार उघडून नाणी पुढे केली. लोला म्हणाली, “नाणी ठेवा साहेब. आम्हाला तारीख द्या.” तीन संध्याकाळी गाणी झाल्यावर त्याच्या बायकोनंच त्याच्याकडून तारखा देववल्या. तेव्हापासून चाळीसेक माणसं सुटून घरी आली. गावात शेंबड्या पोराला विचारा, दुआव कोण ते सांगेल.

पण ज्ञानकोश शेंबड्या पोराला विचारत नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलंही असतं. पण त्याच महिन्यात तुरुंगावर नवा वॉर्डन आला होता. तरुण, इस्त्रीचा, हातात सदा फोन. दर शनिवारी आत भेटीला जायचा मंडळाचा पास मागायला बायका गेल्या तेव्हा त्यानं फोनच पुढे धरला.

“मी तुम्हाला शोधलं,” तो म्हणाला. “इथं वर लिहिलंय की तुम्ही उल्लेखनीय नाही.”

“आम्ही रोज तुमच्या फाटकासमोर उभ्या असतो,” लोला सेबिया म्हणाली. “फोनात कशाला शोधता? खिडकीतून बघा.”

“संस्थेचा पास फक्त नावाजलेल्या संस्थेला, लोला. पान राहिलं तर पास राहील. गेलं तर नात्यातल्यांनी महिन्यातून एकदा यायचं.”

पोलदोला साखरेचा आजार. त्याचं इन्सुलिन दर शनिवारी दुआवच्या डब्यातून, बर्फात ठेवून जायचं. फाटकावर ठेवलेलं औषध आत पोचेपर्यंत पहारेकऱ्यांच्या खिशात जातं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. महिन्यातून एकदा म्हणजे काय, हे नांगला कुणी समजावून सांगायला नको होतं.

ती पुराव्याच्या मागे लागली. रेडिओवर दुआवचं नाव अनेकदा आलं होतं, पण रेडिओचे शब्द वाऱ्यावर गेलेले. चर्चच्या पत्रकात दोन पानं होती, पण पाद्रीबाबांची बहीण मंडळात. शहरच्या वर्तमानपत्रात एकदा छापून आलं होतं, ‘काही महिलांनी गाणी म्हटली.’ काही महिला. पट्टी लावणारा संपादक कुठल्या देशातला होता देव जाणे, नाव लावायचा ‘शांत डोह’. दाढ उपटणाऱ्या डॉक्टरासारखा गोड बोलायचा : ‘आपल्या कार्याबद्दल आदर आहे. परंतु संस्थेबाहेरच्या कुणीतरी तिच्याविषयी सविस्तर लिहिलेलं हवं.’

“बाहेरचा कोण आणणार?” नांग मंडळात म्हणाली. “या गावात बाहेरचं कुणी आहे का?”

“मतं किती पडलीत?” लोला सेबियानं विचारलं.

“मतं नसतात तिथं, लोला. चर्चा असते.”

“चर्चेलाही माणसं लागतातच की.”

नांग शहरातल्या ग्रंथालयात गेली होती, त्या दुपारी बायका बाजारातल्या नाणं टाकून चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरल्या. आमची रीतच ती. दाराशी एकटा गेला तर कुत्रा अंगावर येतो, तीस गेल्या तर यजमान खुर्च्या काढतो. एकीनं वाक्य ठरवलं, ‘दुआव फार मोठी संस्था आहे, ठेवा,’ आणि बाकीच्यांनी एकेक नाणं टाकून तेच वाक्य उतरवलं. नावं प्रामाणिकपणे स्वतःचीच घातली : गालोन, गेरोची, गेंझोन, गिमोतेआ. स्पॅनिश राजवटीत छापील यादीतून आडनावं वाटली तेव्हा आमच्या गावाच्या वाट्याला ‘ग’चं पान आलं. त्याला या बायका काय करणार?

संध्याकाळी नांगनं कॉम्प्युटर लावला आणि तिथंच खुर्चीत बसून राहिली. तिचं खातं बंद झालं होतं. कारण दिलं होतं : एकाच दुपारी, एकाच ठिकाणाहून, एकाच वाक्यात, एकाच अक्षरानं सुरू होणारी तीस नावं. ही सर्व एकाच व्यक्तीनं घेतलेली सोंगं आहेत.

लोला सेबिया आली तेव्हाही ती तशीच बसली होती.

“ते म्हणतात, तुम्ही सगळ्या नाहीच आहात,” नांग म्हणाली. “मी एकटीच आहे. मीच तीस बायका.”

लोलानं चुलीकडे बोट केलं. मग म्हणाली, “मग शनिवारचा तीस जणींचा भात तूच शिजव.”

दोघीही हसल्या नाहीत. शनिवार येणार होता की नाही, हेच ठाऊक नव्हतं.

आमच्या गावात बातमी तिखटासारखी पसरते, नाकात गेल्यावरच कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नांगच्या दाराशी तीनचाकी थांबली आणि तिच्यातून होविटो उतरला, काखेत झुंजीचा कोंबडा घेऊन. गल्लीतल्या बायकांनी झाडू तसेच धरून ठेवले. होविटो म्हणजे मागच्या वॉर्डनच्याही आधीचा वॉर्डन. एकोणीस वर्षं त्यानं दुआवला फाटकाबाहेर उन्हात उभं केलं होतं. नांग गाणी म्हणायला गेली म्हणून पोलदोला महिनाभर अंधारकोठडीत ठेवणारा हाच. रस्त्यात तो दिसला की दुआवच्या बायका थुंकायच्या, आणि तोही शिष्टाचार म्हणून उलट थुंकायचा.

“इन्दाय,” पोरीला हाक मारावी तसा तो म्हणाला, “हे खरं का?”

“काय खरं?”

“कुणी एक बेटा म्हणतो, दुआव म्हणजे कुणीच नाही.”

“म्हणतो खरं. तुम्हाला तर आनंदच व्हायला हवा, वॉर्डन.”

“आनंद?” त्याचा आवाज चढला तसा कोंबडाही ओरडला. “माझी बढती कुणी खाल्ली? मला रक्तदाब कुणी लावला? प्रांताच्या मंडळापुढे दोनदा कान धरून कुणी उभं केलं? या बायका कुणीच नसतील, तर मी एकोणीस वर्षं कुणाशी लढलो? डासांशी?”

“तुम्ही डासच म्हणायचात आम्हाला.”

“छापलंय की तसं! माझ्या पुस्तकात.”

नांगनं त्याच्याकडे पाहिलं. पुस्तक तिला ठाऊक होतं. होविटोनं निवृत्त झाल्यावर आठवणी लिहिल्या होत्या, शहरातल्या प्रकाशकानं काढल्या होत्या, आणि दुआवच्या बायकांनी चर्चमध्ये मेणबत्ती लावून शपथ घेतली होती, की त्या पुस्तकाला हात लावायचा नाही. शपथ त्यांनी काटेकोर पाळली. जिनं जगभरचा पुरावा धुंडाळला, तिनं हे एक पान उलटलं नव्हतं.

“आमच्याबद्दल किती आहे?” तिनं विचारलं.

“अख्खं प्रकरण. सगळ्यात मोठं. माझ्या बायकोवरसुद्धा एवढं लिहिलं नाही, ती अजून बोलून दाखवते. वर्तमानपत्रानं त्या प्रकरणावरच माझी मुलाखत घेतली. आणि विद्यापीठातल्या एका पोरीनं मला खोटा पाडणारा लांबलचक लेख लिहिला.” त्यानं कोंबडा खाली सोडला आणि पिशवीतून तिन्ही काढून टेबलावर ठेवलं. “घे. मी तुमचा कुणी लागतो का?”

“नाही,” नांग म्हणाली. “तुमच्याइतकं बाहेरचं आम्हाला जगात कुणी नाही.”

तिनं उभ्यानंच प्रकरण वाचलं. कुठल्या दिवशी किती बायका, कुठलं गाणं, कुठला न्यायाधीश नमला, किती कैदी सुटले, सगळं द्वेषानं आणि म्हणून बारकाईनं लिहिलेलं. प्रेमानं कुणी त्यांच्याकडे इतकं पाहिलं नव्हतं. ‘पोलदो’ हे नावही होतं, कोठडीसकट. त्या ओळीवर तिचं बोट थांबलं. होविटोनं ते पाहिलं आणि कोंबडा पकडायच्या निमित्तानं खाली वाकला.

“ते मी करायला नको होतं,” तो टेबलाखालून म्हणाला.

“हे आत्ता म्हणालात ते छापून आलंय का कुठं?”

“नाही.”

“मग त्याला पुरावा नाही,” नांग म्हणाली, आणि मागच्या दारी जाऊन त्याच्यासाठी कॉफी टाकली. का टाकली, हे तिला अजूनही सांगता येत नाही.

बंद खात्याला स्वतःच्या पानावर दाद मागता येते, तेवढी एक फट असते. नांगनं तिथं तिन्ही संदर्भ मांडले आणि खाली लिहिलं, ‘पहिला लेखक आमचा वैरी आहे. याहून स्वतंत्र माणूस मिळणार नाही.’ शांत डोहानं दोन दिवस घेतले. पुस्तक कुठल्यातरी ग्रंथालयातून मिळवलं, लेख तपासला, मग आपली हरकत मागे घेतली. पट्टी उतरली. नांगचं खातं ताकीद देऊन उघडलं. बाकीच्या बायका खऱ्या आहेत हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही. लोला सेबिया अजूनही तिकडे नांगचंच एक सोंग आहे.

पानात आता सरळ लिहिलेलं आहे : ‘माजी वॉर्डनच्या मते हे मंडळ म्हणजे डासांचा थवा होता.’ नांगनं ते वाचून दाखवलं तेव्हा बायका हबकल्या.

“काढ ते,” गेरोची म्हणाली.

“नाही काढता येत. त्याच्यावरच तर पान उभं आहे.”

नव्या वॉर्डननं फोनात पाहिलं, वर खाली सरकवलं, पट्टी दिसत नाही म्हणाला आणि पासावर शिक्का मारला. बायकांकडे त्यानं तेव्हाही पाहिलं नाही.

पोलदोनं शनिवारी सुई टोचून घेतली, मग भाताला हात घातला. कुणी वाचवलं, हे बहिणीनं सांगितलं तेव्हा त्याचा घास तोंडातच राहिला.

“होविटो?”

“होविटो.”

“मी सहा वर्षं रोज निजताना त्या माणसाला शिव्या देतोय, नांग.”

“देत जा,” ती म्हणाली. “त्यानंही आम्हाला दिल्याच की. आधी जेव, भात गार होतोय.”

तो जेवला नाही. अंधारकोठडीच्या बाजूच्या भिंतीकडे बघत राहिला, आणि फाटक बंद व्हायची घंटा झाली तरी त्याचा हात ताटातच होता.