जवाऱ्यांचं मडकं

चैत्रात माझी पत्नी वारली. त्या सकाळी तिला खाटेवरून उचलताना माझ्या उजव्या खांद्यातला स्नायू फाटला.

दुखणं मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. तिच्या शेवटच्या स्पर्शातलं तेवढंच उरलं आहे, असं वाटे. देवाशीही बोलणं बंद होतं. पण आमच्या बालाघाटच्या घरात ती दर नवरात्रात देवीपुढे मडक्यात गव्हाचे जवारे पेरायची आणि नवमीला ते मडकं डोक्यावर घेऊन विसर्जनाला तलावावर जायची. ते खंडू नये, एवढंच मनात होतं. सवय नसलेल्याला मडकं धरायला दोन्ही हात लागतात, आणि माझा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता; शर्ट घालतानाही अडायचा.

आषाढात मुलगी मला गोंदियाला घेऊन गेली. डॉक्टरांनी माझंच रक्त काढलं, यंत्रात फिरवलं आणि त्यातला पिवळसर भाग सुईनं खांद्यात सोडला. म्हणाले, "काका, औषध तुमच्यातलंच आहे. काम हळूहळू करेल. किती करेल, ते मी सांगू शकत नाही." सांगितलेला व्यायाम मी रोज करत राहिलो. श्रावण सरता सरता हात थोडा वर गेला. त्या दिवशी खूप महिन्यांनी मी देवापुढे दिवा लावला.

आश्विनात जवारे मीच पेरले. नवमीला मडकं उचललं तेव्हा शेजारच्या वहिनी हसल्या, "गुरुजी, पुस्तक वाचनं अलग अन् जवारे नेनं अलग!"

एकदा डोक्यावर घेतलेले जवारे पाण्यापर्यंत खाली ठेवायचे नसतात. तलावाचा उतार लागला आणि खांद्यातून कळ आली. मडकं एका बाजूला कललं. तेवढ्यात मागून एका अनोळखी बाईचा हात त्याला लागला. तिच्या डोक्यावर तिचं मडकं होतंच.

"दादा, तुमी हात खाली घ्या. मी धरून राह्यली."

"पडंल ना बाई!"

"काहून पडंल? मायचं हाय, माय पाहून घेईन. तुमी पाय उचला."

मी हात सोडला. पत्नीला स्मशानात सोडून आल्यापासून कशावरची पकड सैल केली असेल, तर ती तेव्हाच. आम्ही पाण्यात उतरलो. जवारे पाण्यात शिरवून वळलो, तर गर्दीत ती दिसली नाही. ती कोण होती, याचा शोध मी घेतला नाही. डॉक्टर, मुलगी आणि ती बाई, तिघांचेही हात मला एकाच ठिकाणाहून आल्यासारखे वाटतात. सगळं आपणच धरून ठेवायचं नसतं, एवढं मला उमगलं.

आता हात कानापर्यंत जातो, त्याच्या वर दुखतो. घरात मी एकटा आहे. शर्ट माझा मी घालतो.