तलावाकडच्या गल्लीतल्या बावीस खुणा

हे मी आजवर कुठल्याच यादीत लिहिलेलं नाही. आणि मी याद्या लिहिणारा माणूस आहे — सकाळी चहाच्या आधी दिवसाची यादी, शुक्रवारी बाजाराची, महिन्याच्या शेवटी संस्थेच्या कामांची. झालेल्या कामावर आडवी रेघ. बायको म्हणते, यादीत लिहिल्याशिवाय तुम्ही शिंकतसुद्धा नाही. तिलाही हे माहीत नाही. तुम्हाला का सांगतो आहे? ते मला नीट सांगता येणार नाही.

मी आमच्या गावातल्या विणकर संस्थेचा सचिव. गाव आंधळगावच्या अलीकडे. मागावर बसणारी त्रेसष्ट घरं. संस्थेत सूत आलं की ते नंबराने वाटायचं, आणि नंबर लावायची आमची पद्धत जुनी होती. सूत आल्याचं कळलं की प्रत्येक घराने आपला धोटा — आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा — संस्थेच्या ओट्यावर आणून ओळीत ठेवायचा. मग माणूस घरी जाऊन स्वयंपाक करो की धानाच्या बांधीत रोवणीला जावो, धोटा त्याच्या जागी थांबून राहायचा. कोणता धोटा कोणाचा हे झिजेवरून सगळ्यांना कळायचं. दुसऱ्याचा धोटा मागे सरकवल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही.

मला ही पद्धत आवडायची नाही. सूत आल्याची बातमी जवळच्यांना आधी कळायची, लांबच्यांना उशिरा. म्हणून नंबर फोनवर लावायचं ठरलं, आणि शहापूरच्या वैशालीला ते काम दिलं. पुण्याची नोकरी सोडून ती घरूनच अशी कामं करते.

तिने पहिल्याच दिवशी दोन रस्ते समोर ठेवले. "काका, वेबवरचं केलं तर कोणत्याही फोनवर उघडते. काही टाकावं लागत नाही, जागा लागत नाही. पण नेट गेलं का बसले सगळे हात जोडून. आणि ॲप बसवलं तर नेट नसतानाही नंबर लावून ठेवता येते, सूत आलं का घंटी वाजते. पण त्याले फोन बरा पाहिजे."

"मग कोणतं बरं?" मी विचारलं.

"ते मले नाही, तुमच्या लोकांच्या फोनले विचारा."

म्हणजे घरोघरी जाऊन फोन पाहायचे होते. किती जुना, आत जागा किती. हे माझ्याच आवडीचं काम. मी रकाने आखले — नाव, फोन, ॲप चालेल का — आणि निघालो. दोन दिवसांत एकेचाळीस घरं झाली.

राहिली तलावाकडची गल्ली. बावीस घरं.

ऊन फार होतं. हे खरं आहे. तिकडे गेलं की प्रत्येक जण तक्रार घेऊन बसतो, हेही खरं आहे. पण त्या दिवशी मी घराबाहेर न पडण्याचं कारण ते होतं का? नाही. मला ॲप हवं होतं. फोनवर संस्थेचं चिन्ह दिसेल, घंटी वाजेल, बाहेरचे पाहुणे आले की खिशातून काढून दाखवता येईल — असं सगळं मनात झालेलं होतं. आणि त्या गल्लीत सगळी म्हातारी माणसं. तिथे कसले फोन निघतील हे मला जायच्या आधीच माहीत होतं. म्हणूनच मी गेलो नाही. पंख्याखाली बसून बावीस नावांपुढे बावीस बरोबरच्या खुणा केल्या. दहा मिनिटं लागली असतील.

यादी हातात घेतल्यावर वैशालीने एकदाच विचारलं, "काका, सगळ्या घरी जाऊन आले ना?"

"एकूण एक घर," मी म्हणालो.

ॲप झालं. चांगलं झालं, तिच्या कामात खोट नव्हती. नियम मी केले — एका फोनवर एकच सभासद. लागोपाठ तीन वाटपांत नंबर लावला नाही तर माग बंद समजून नाव कमी. तलावाकडच्या एकवीस घरांनी कोणी मुलाचा, कोणी सुनेचा फोन वापरून निभावलं. राहिल्या पार्वताबाई.

पार्वताबाई सत्तरीच्या, एकट्या. लेक लग्न होऊन तुमसरला. त्या विणत त्या लुगड्याच्या काठाची नक्षी कागदावर कधी उतरलेली नाही. किती धागे उचलायचे, किती सोडायचे, सगळं डोक्यात. फोन होता त्यांच्याकडे — भाच्याने दिलेला, काच तडकलेला, नातीचे फोटो पाहण्यापुरता. त्यावर ॲप बसलं नाही. मग त्यांनी काय केलं असेल? सूत आलं की धोटा आणून ओट्यावर ठेवला. रिकाम्या ओट्यावर एकच धोटा. मी सांगितलं, "बाई, आता फोनवर." त्या म्हणाल्या, "ठेवला ना भाऊ नंबर, हा काय." आणि धोट्याकडे बोट दाखवलं. मी हसलो होतो.

तीन वाटपं झाली. नाव मी कमी केलं. नियमाप्रमाणे.

इथे थांबलो असतो तर हा एक आळशी माणसाचा दोष झाला असता. पण जे सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे. मी तिथे पोहोचायला वेळ लावतो आहे, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

संस्थेची सभा भरली. पार्वताबाईंचं नाव कसं गेलं, असं कोणीतरी विचारलं, आणि सगळे वैशालीवर उलटले — तुझ्या ॲपनं बुढीचा माग बंद पाडला. वैशाली उठली, पार्वताबाईंचा फोन हातात घेतला, काहीतरी करून पाहिलं. "यावर ॲप बसतच नाही, काका. जुना आहे. बाकी वेबवरचं सगळं उघडून राहिलं पहा." मग तिने माझी यादी पर्समधून काढली. जपून ठेवली होती तिने. "पण यादीत यांच्यापुढे बरोबरची खूण आहे." आणि माझ्याकडे पाहिलं.

सगळ्यांनीच पाहिलं.

मी म्हणालो, "मी गेलो होतो त्यांच्या घरी. त्यांनीच सांगितलं, फोन चांगला आहे म्हणून. विसरल्या असतील."

हे मी बोललो. मोठ्याने, स्वच्छ आवाजात. कोणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं.

पार्वताबाई मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्या कवा सांगतलं? तू त आलाच नाही माया घरी, भाऊ."

"बुढे, सकाळी काय खाल्लं ते सांग पहिले!" देवराव म्हणाला. आमच्यातला थट्टेखोर विणकर तो. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. सभा हसली. पार्वताबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि — मला हे अजून दिसतं — त्या खरंच आठवायला लागल्या. सकाळी काय खाल्लं होतं ते. चेहरा गोंधळला. मग पदर सारखा करून म्हणाल्या, "असन. आला असशीन तू."

मी कागद सारखे केले आणि पुढचा विषय घेतला.

वैशालीने महिन्याभरात वेबवरचं करून दिलं. आता दोन्ही चालतात, ज्याला जे झेपेल ते. पार्वताबाईंचं नाव मी स्वतः पुन्हा घातलं आणि त्यांना सांगायला गेलो — त्या गल्लीत, त्या घरी, यादी केल्यापासून पहिल्यांदा. त्या दारात बसून बिड्या वळत होत्या. म्हणाल्या, "नाही भाऊ. आता मले आठवून नाही राहत. काठात चार धागे चुकले त लुगडं वाया. डोकंच जाग्यावर नाही त माग कायले?" मागाचा, पाय सोडून बसायचा खड्डा त्यांनी माती टाकून बुजवला होता. कपाटाची किल्ली लेकीला देऊन टाकली होती. चूल विझवली की नाही ते पाहायला त्या तीनदा आत जायच्या. मी बसलो होतो तेवढ्यातही गेल्या.

फोनचा प्रश्न सुटला होता. सभेतल्या त्या वाक्याचा सुटला नाही. सांगायला तेव्हा काय लागलं असतं? एक वाक्य. समोर दुसरं कोणीच नव्हतं. मी चहा घेतला आणि निघालो.

याला आता चौथं वर्ष. सभेनंतर वैशालीने यादी टेबलावर ठेवली, ती माझ्याकडे आहे. पहिली एकेचाळीस घरं ओबडधोबड आहेत — कुठे खाडाखोड, कुठे उभ्याने लिहिलेलं अक्षर, एका जागी कोणाच्या तरी अंगणातल्या हळदीचा डाग. शेवटच्या बावीस खुणा एका शाईच्या, एका उंचीच्या, सुंदर आहेत. नीट पाहणाऱ्याला दिसलं असतं. वैशालीला दिसलं असावं. ती आता मला काका म्हणत नाही, सर म्हणते.

पार्वताबाई दर महिन्याला माझ्याकडे येतात. रक्तदाबाच्या गोळ्या कधी घ्यायच्या ते लिहून घ्यायला. गोळ्या दोनच आहेत, वेळा बदललेल्या नाहीत. कागद हरवलेला नसतो, तरी नवा हवा असतो. मी रकाने आखतो — सकाळ, रात्र — आणि मोठ्या अक्षरात लिहून देतो. कालही आल्या होत्या. कागदाची घडी घालून पदराच्या गाठीत बांधताना म्हणाल्या, "तुयं लिहिलेलं पक्कं असते, भाऊ. माया डोक्याचा काही भरोसा नाही."

मी मान हलवली.

मी त्यांच्या घरी गेलो नव्हतो. त्यांना बरोबर आठवत होतं.