आधी हात मागं

"आधी हात मागं!"

मशीनच्या खोलीत पाऊल टाकलं की बाईंचं हे पहिलं वाक्य. समोर मॅनेजर असो, चेअरमनचा पुतण्या असो, नाहीतर माझ्यासारखा साधा ऑपरेटर असो, सगळ्यांनी हात पाठीमागे बांधायचे. त्या स्वतःही बांधायच्या. मग मान जराशी तिरपी करून, पंख्यांची घरघर ऐकत, शाळेतल्या मॉनिटरसारख्या उभ्या राहायच्या.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? विशेष असं, की त्या वर्षांत बिघडलेल्या कॉम्प्युटरवर आपल्याकडे एकच औषध होतं. बंद कर, चालू कर. बाई त्याला आंघोळ म्हणत, आणि आंघोळीवर त्यांचा भारी राग.

"आजाऱ्याला आधी इचारावं, बाबा काय दुखतंय? अंगावरचं वळ बघावं. आंघोळ नंतर. आधीच घातली तर वळ बी ग्येलं आन् दुखणं कशाचं त्ये बी ग्येलं."

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याने मशीन पुन्हा पुन्हा बंद-चालू करून, ते पार गारठल्यावर बाईंना बोलावलं होतं. तिथल्या साहेबांना त्या म्हणाल्या, "मढ्याला न्हाऊ-माखू घालून मग डाक्टरला बोलावता व्हय?" साहेबांनी त्यांना चहा पाजला, यावरून त्यांच्या बोलण्यातली गंमत ओळखा. राग येऊ नये अशा आवाजात त्या कुणालाही काहीही बोलू शकत.

बाई मूळच्या रहिमतपूरच्या. कॉम्प्युटर विकणाऱ्या एका कंपनीच्या सातारा ऑफिसात त्या इंजिनिअर होत्या. सातारा-सांगलीत कंपनीने विकलेली सगळी मोठी मशीनं त्यांच्या गळ्यात होती. एसटीने यायच्या. मांडीवर सुटकेसएवढा लॅपटॉप. एकदा कंडक्टरने बोट दाखवून विचारलं, "ह्येचं तिकीट?"

"मांडीवरचं लेकरू हाय. लेकराचं तिकीट घेता व्हय?"

"लेकरू लय वजनदार हाय, बाई."

"बापावर ग्येलंय."

आता माझ्याबद्दल एवढंच, की मी पत्रकांवर वाढलो. माझे वडील सांगलीत एका छापखान्यात खिळे जुळवायचे. मोर्चा, संप, सभा, सगळ्यांची पत्रकं आमच्या घरी वाळायची. 'जाहीर निषेध' हे मी आयुष्यात वाचलेले पहिले दोन शब्द. त्यामुळे दूध संघात ऑपरेटर म्हणून लागलो तरी माझ्या खिशात नेहमी एखादं अर्धवट पत्रक असायचं. बाई आल्या की विचारायच्या, "काय पत्रकवाले, आज कुणाचा निषेध?"

आमच्या संघात दोन सर्व्हर होते. गावोगावच्या डेअऱ्यांच्या दुधाची नोंद त्यांच्यात राहायची. दोघांना मिळून नोंदींचा एकच संसार दिलेला. एक काम करायचा, दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवायचा. पहिला कोसळला तर दुसऱ्याने काम उचलायचं. दोघांच्या मधोमध एक निळी वायर होती. तिच्यातून ते एकमेकांची नाडी बघत. नाडी लागेनाशी झाली की समजायचं, भाऊ गेला, आता कर्ता मी.

आणि मग ती खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आपण अवजारं पुजतो, हे तुम्हाला सांगायला नको. सुतार पटाशीला, शेतकरी नांगराला, तसं आम्ही सर्व्हरला हळद-कुंकू लावायचो. पूजेचा मान आप्पांचा. आप्पा आमचे शिपाई. कित्येक वर्षं हंगामी होते. दिवाळीच्या बैठकीत त्यांना कायम करण्याचा ठराव येणार होता. घरात आत्तापासूनच त्याच्या गप्पा चाललेल्या. त्यामुळे त्या वर्षीची पूजा आप्पांनी जरा जास्तच मनापासून केली. सर्व्हरच्या दोन्ही कपाटांना झेंडूच्या माळा घातल्या. उसाची कांडी ठेवली. मधली निळी वायर दिसली, तेव्हा त्यांच्या मनात आलं, हेही अवजारच की. बिचारीला वर्षभर विसावा नाही. त्यांनी ती दोन्हीकडून अलगद काढली, वेटोळं केलं, ताम्हणात ठेवली, तिला कुंकू लावलं आणि वर फुलं वाहिली. आज अवजारांना सुट्टी.

दुधाला मात्र सुट्टी नसते. आम्ही नोंदी चालूच ठेवल्या होत्या. थोड्याच वेळात दोन्ही सर्व्हरना वाटलं, भाऊ गेला. दोघेही कर्ते झाले आणि एकाच संसारात आपापला हात घालू लागले. तासगाव बाजूच्या एका डेअरीचं दूध एका पडद्यावर दिसेना, दुसऱ्यावर दोनदा दिसायला लागलं.

मॅनेजरसाहेबांचा हात बटणाकडे गेला. तोवर मी साताऱ्याला फोन लावला होता. रिसीव्हरमधून बाईंचा आवाज आला, "हात मागं! नोंदी थांबवा, कागदावर घ्या. आंघोळ घालू नका. निघालेच."

त्या येईपर्यंत साहेबांनी ताम्हणातली वायर शोधून काढली होती. कुंकवानं माखलेली. त्यांनी ती आप्पांच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

"पुजा क्येली, साहेब."

"उद्यापासून येऊ नको. तुला कायम करायचं म्हणत होतो मी!"

आप्पा भिंतीला टेकून खाली बसले. मी तिथल्या तिथे खिशातून कागद काढला आणि मथळा लिहिला. 'गरीब शिपायाचा बळी! संघाच्या मुजोर कारभाराचा जाहीर निषेध!' उद्गारचिन्हं मी सढळ हाताने देत होतो.

बाई दुपारी पोचल्या. हात मागे बांधून घरघर ऐकली. मग माझा कागद वाचला.

"मशीन काय म्हनतंय त्ये इचारलंस?"

"मशीनला काय विचारायचंय? अन्याय उघड दिसतोय!"

"मग तुज्यात आन् साहेबांच्यात फरक काय? त्यांला बी उघडच दिसतंय की."

मी रागाने मथळ्याला आणखी एक उद्गारचिन्ह ठोकलं.

बाईंनी लॅपटॉप ऑफिसच्या नेहमीच्या जाळ्याला, म्हणजे नेटवर्कला, जोडला. प्रत्येक सर्व्हरच्या पोटात त्याने काय पाहिलं, काय केलं, कधी अडखळला, याच्या नोंदी असतात. बिघाड झाला की त्या सगळ्या एका फाईलमध्ये बांधून कंपनीकडे पाठवायच्या. बाई त्या फाईलला डबा म्हणत. कंपनीची रीत अशी, की ज्या मशीनसमोर बसलात त्याचा डबा घ्या आणि मोकळे व्हा. बाईंना ते पटत नसे. त्यांनी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो एपीआयमधून जायचा आणि दोन्ही सर्व्हरना एकाच वेळी म्हणायचा, आपापला डबा भरा.

एपीआय म्हटल्याबरोबर दारातला वॉचमन ताठ झाला. त्याला पोलीस ठाण्यातले साहेब आले असं वाटलं. बाई हसल्या. "बस रं गड्या. एपीआय म्हंजे दार. दुसऱ्याच्या घरात खिडकीतनं उडी मारून जातो का आपण? दारावर जायाचं, नाव सांगायचं, काय पायजे त्ये मागायचं. घरच्यांनी दिलं तर घ्यायचं. मशीनचं बी तसंच."

पडद्यावर रेघा सरकू लागल्या. दोन्ही डबे भरत होते. बाई पूजेतला उसाचा तुकडा चघळत बसल्या. आप्पांनाही त्यांनी एक दिला. आप्पा तो नुसता हातात धरून राहिले.

पहिला डबा उघडला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं. सकाळी पूजेच्या वेळी निळ्या वायरीतून नाडी लागायची थांबली. साहेब म्हणाले, "झालं! हेच तर मी सांगत होतो."

"अजून एक घर ऱ्हायलंय, साहेब," बाई म्हणाल्या आणि दुसरा उघडला.

मी त्यांच्या मागे उभा होतो. त्यांचा चेहरा दिसला नाही, पण चघळणं थांबलेलं दिसलं. दुसऱ्या सर्व्हरचं म्हणणं असं होतं, की मला दोन वायरींची दोन भोकं आहेत. दुसरं भोक, मला इथे बसवलं त्या पहिल्या दिवसापासून, रिकामं आहे.

बाई उठल्या, कपाटामागे गेल्या आणि हात घालून एका काळ्या वायरीचं टोक ओढून काढलं. धुळीनं भरलेलं. दुसरं टोक पहिल्या सर्व्हरला व्यवस्थित लावलेलं होतं, म्हणून त्याच्या डब्यात तक्रार नव्हती.

तेवढ्यात पुण्याहून, कंपनीच्या मुख्य ऑफिसातून फोन आला. पुण्याच्या साहेबांचा आवाज असा, की रिसीव्हर वीतभर लांब धरला तरी सगळ्या खोलीला ऐकू यावा. बाईंनी दोन्ही डबे सांगितले. पुण्याशी त्या शुद्ध बोलत.

"असं करा," पलीकडून आवाज आला. "ती काळी केबल आत्ता लावून टाका, दोन्ही मशीन रीस्टार्ट करा आणि फक्त पहिल्याची फाईल पाठवा. शिपायानं वायर काढली, हे त्यात आलंय. विषय संपला."

"सर, मशीन दोन आहेत. एकालाच विचारून दोघांबद्दल कसं लिहू?"

"ती मशीनं बसवली कुणी, माहितीय ना?"

"मीच, सर. त्या दिवशी कपाट लांब होतं, केबल पोचत नव्हती. कपाट सरकवल्यावर लावते म्हणाले. कपाट सरकलं, मी विसरले."

"पुन्हा विचार करा, मॅडम."

"विचार केला, सर. दोन्ही डबे पाठवतेय."

रिसीव्हर ठेवून त्या मॅनेजरसाहेबांकडे वळल्या. "साहेब, एक तुटली तर दुसरीनं धरावं म्हनून तर दोन वायरी दिल्यात. माजी वायर जागेवर असती तर आप्पांनी निळीची सत्यनारायणाची पुजा घातली असती तरी मशीनला पत्ता लागला नसता."

आप्पा हळूच म्हणाले, "आवं बाई, मंग म्या सुटलो का?"

"सुटला न्हाई. अर्धं सुटला. अर्धं माज्याकडं आलं."

साहेब हसायचं की नाही ते ठरवत उभे होते. शेवटी हसले. मग सगळी खोली हसली. आप्पांनी ऊस दाताखाली घेतला. बाईंनी दोन्ही वायरी लावल्या, कागदावरच्या नोंदींशी पडताळा घेतला आणि आप्पांना पुढे ढकललं.

"आता घाला आंघोळ. तुमच्या हातानं."

आप्पांनी हात धोतराला पुसले आणि बटण दाबलं. दोन्ही मशीनं झोपली, जागी झाली, एकमेकांची नाडी लागली आणि एकाने मुकाट दुसऱ्याला कर्तेपण दिलं. माणसांत असं होताना मी अजून पाहिलेलं नाही. कुणीतरी भडंग आणलं. बाईंनी फ्लॉप्यांवर दोन्ही डबे उतरवले आणि शेवटच्या एसटीपर्यंत न थांबता त्या आधीच्याच गाडीने निघाल्या.

दिवाळीच्या बैठकीत आप्पा कायम झाले. साहेबांनी स्वतः ठराव मांडला. त्याच सुमारास बाईंची बदली झाली. लांब, पार विदर्भाच्या टोकाला. कंपनीने त्याला गरज म्हटलं. मी काय म्हटलं ते सांगायला नको. कागद तयार होता, मथळा तयार होता. निरोप घ्यायला त्या सांगलीला आल्या तेव्हा मी तो पुढे केला.

त्यांनी वाचला आणि खळखळून हसल्या. "उद्गारचिन्हं कमी कर, पत्रकवाले. कंपनीला इचारलंस का तिचं म्हननं?"

"तुमच्यावर अन्याय झालाय!"

"झाला असंल. पन तिकडं बी मशीनी हायेत की. त्यांला बी कुनी इचारलेलं नसनार."

मी ते पत्रक काढलं नाही. अन्यायाविरुद्ध पत्रक काढू नये असं माझं मत आजही नाही. पण आता मथळ्याआधी मी दोन दारांवर जाऊन येतो. पत्रक थोडं उशिरा निघतं, आणि कुणाला ते फाडता येत नाही.

पुढच्या खंडेनवमीला पुन्हा माळा आल्या. आप्पांनी निळ्या वायरीला जागेवरच कुंकू लावलं, काळीलाही लावलं. बाईंच्या जागी आलेला तरुण इंजिनिअर त्याच दिवशी पहिल्यांदा आला होता. टाय बांधलेला. पडद्यावर कसलीशी किरकोळ सूचना दिसली, आणि "एकदा रीस्टार्ट करून बघू" म्हणत त्याने हात पुढे केला.

"हात मागं!"

आप्पा एवढ्या जोरात ओरडले, की त्या पोराने खरंच हात मागे बांधले. मॅनेजरसाहेबांनीही बांधले. मीही. आप्पांनी कुंकवाचे हात पाठीशी घेतले, मान जराशी तिरपी केली, आणि आम्ही सगळे झेंडूच्या वासात पंख्यांची घरघर ऐकत उभे राहिलो.