मक्याच्या पोंग्यात डोकावणाऱ्या वत्सलाअक्का

डॉ. वत्सला सडेकर, म्हणजे आम्हा सर्वांच्या अक्का, साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांची-माझी पहिली भेट धारवाडच्या प्रयोगक्षेत्रावर झाली. रुजू होण्याचा कागद घेऊन मी कार्यालयात गेलो, तर खुर्ची रिकामी. अक्का मक्याच्या सरीत उकिडव्या बसल्या होत्या. मी नाव सांगितले. त्यांनी कोवळ्या रोपाचा पोंगा, म्हणजे मधल्या पानांची गुंडाळी, उलगडून मला आतली अळी दाखवली.

कीटकशास्त्रज्ञ म्हणून अक्कांचा एक कटाक्ष होता: शेताच्या मध्यापर्यंत गेल्याशिवाय औषध सुचवायचे नाही, आणि औषध नको असेही सांगायचे नाही. हे मला माझ्या चुकीतून कळले.

लष्करी अळी आपल्याकडे नवी होती तेव्हाची गोष्ट. अळणावरजवळच्या एका खेड्यात परशुरामअण्णांचा मका तीन आठवड्यांचा होता. मी भर उन्हात गेलो, बांधालगतची दहा-बारा रोपे पाहिली आणि आठ दिवस थांबायला सांगून परतलो. शेताच्या मधे शिरला होतात का, असे परतल्यावर अक्कांनी विचारले. मी हो म्हणालो. त्या क्षणापासून मला चैन पडेना. पाचव्या दिवशी अण्णांचा फोन आला. मधल्या भागातल्या पानांची चाळण झाली होती आणि ते सगळे वावर नांगरून टाकणार होते.

दुसऱ्या दिवशी अक्का पहाटेच केशवापूरच्या घरून निघून आल्या. अळणावरच्या बसमध्ये मी त्यांना खरे सांगितले. त्या पिशवीचे बंद सोडत-बांधत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला सांगितलंत, बरं केलंत. पण शेत माझं नव्हे."

बांधावर उभा राहून मी अण्णांना सगळे सांगितले.

"तुमच्या शब्दावर मी पाच दिवस घरी बसलो की, साहेब," एवढेच ते म्हणाले.

अक्का पुढे झाल्या. "माणूस मी पाठवला होता, अण्णा. चूक माझीही आहे. पण आज नांगर जोडू नका."

त्यांनी ओळीओळीने फिरून कोणत्या रोपाचा कोंब अजून जिवंत आहे ते पाहिले. दोन दिवस अण्णा, त्यांच्या पत्नी आणि आम्ही दोघे मोठ्या अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकत होतो. लहान अळ्यांसाठी फक्त पोंग्यात बेताचे औषध सोडले. निम्मे शेत सावरले. निम्मे गेले. अण्णा त्या हंगामात माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत.

चुकलेल्या सल्ल्याचा अहवाल अक्कांनी स्वतः लिहिला आणि माझ्या नावाच्या वर आपले नाव घातले. वरिष्ठांकडून विचारणा झाली, तरी ते खोडले नाही. पुढे सल्ला देताना माझी जीभ अडखळे, तेव्हा त्या मला मुद्दाम बरोबर नेत आणि शेतकऱ्यासमोर मलाच बोलायला लावत. त्या घटनेचा उल्लेख मात्र त्यांनी कधी केला नाही.

यंदा पेरण्या लांबल्या आहेत. उशिराच्या मक्यावर अळी जास्त येते, म्हणून अक्का अस्वस्थ आहेत. साठीनिमित्तच्या सत्काराची तारीख सांगायला गेलो, तर त्यांनी मनातल्या मनात आठवडे मोजले. "तेव्हा पीक कोवळं असेल. मी व्यासपीठावर बसून काय करू?" आम्ही मुकाट्याने तारीख पुढे ढकलली.

अक्कांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. सरीत बसता-उठताना गुडघे साथ देवोत. आणि अधूनमधून एखादी सकाळ अशीही उजाडो, की कुठल्याच गावाहून फोन येऊ नये आणि त्यांना घरच्या अंगणात निवांत बसता यावे.