फुटलं तर धरणाऱ्याचं

पातूरच्या स्टँडवर कुणी ओळखीचं भेटलं की अजूनही पहिला प्रश्न ठरलेला. "मंग भाऊ, किती गोल मारले?"

मी गोलकीपर. चौदा वर्षं पगारी फुटबॉल खेळलो, नऊ क्लब झाले, आणि एकही गोल मारला नाही. हे ऐकल्यावर समोरचा माणूस माझ्याकडे अशा दयेनं बघतो की मलाच त्याचं वाईट वाटतं. आधी मी समजावून सांगायचो की बाबा रे, माझं काम मारायचं नाही, अडवायचं. आता सांगत नाही. त्याच्या पैशानं चहा पितो आणि निघतो.

पण मी चांगला होतो. हे मलाच सांगावं लागतंय, कारण आमच्या तालुक्यात सांगणारं दुसरं कुणी नाही. कॉर्नरवरून उंच आलेला चेंडू माझ्याइतका अलगद धरणारे देशात तेव्हा तीन-चार जण असतील, आणि त्यातले दोघं मला विचारायला यायचे, कसा धरतोस म्हणून.

ते हात घरचे. पातूरजवळ आमचं काळ्या मातीचं वावर आहे, आणि उन्हाळ्यात त्यात टरबूज असतं. माल भरायच्या दिवशी कुटार, म्हणजे भुसा, अंथरलेला टेम्पो बांधाला लागायचा. माझा मोठा भाऊ खालून एकेक टरबूज वर फेकायचा, मी टेम्पोत उभा राहून ते धरायचो, आणि बाबा माझ्या हातातून घेऊन रचायचे. दादा लहानपणी ट्रॉलीवरून पडला होता. उजवं कोपर वाकडं बसलं, हात कधी सरळ झाला नाही. त्यामुळे त्याचं एक टरबूज माझ्या गुडघ्यावर यायचं, दुसरं डोक्यावरून जायचं, तिसरं थेट ड्रायव्हरच्या खिडकीकडे. मी त्या टेम्पोत माकडासारखा उड्या मारायचो. शिवाय टरबूज नुसतं अडवून चालत नाही. हात ताठ ठेवले की ते फुटलंच. त्याच्यासोबत हात थोडे मागे न्यावे लागतात, झोपलेलं लेकरू घ्यावं तसं.

आणि बाबांचा एक नियम होता. "फुटलं तं धरणाऱ्याचं." कसंही फेकलेलं असो, फुटलं की धरणाऱ्यानं मोठ्यांदा म्हणायचं, "माहं फुटलं!" की संपलं. बाबा रागवायचे नाहीत, कुणी कुणाला बोलायचं नाही, दादा पुढचं फेकायचा. भांडत बसलं तर गाडी अकोल्याच्या लिलावाला पोचत नाही, असं बाबा सांगायचे. मला ते तेव्हाही पटायचं. फुटलेलं आम्ही बांधावर बसून खायचो आणि सालं गाईला घालायचो.

बारावीनंतर मी अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात गेलो. पोलीस भरतीची तयारी करायची, एवढाच विचार होता. एका दुपारी फुटबॉलच्या संघाचा गोलकीपर आला नाही, आणि उंची बघून सरांनी मला उभं केलं. चेंडू आला, मी घेतला. हलका, आणि वर फुटतही नाही. मला तर सुटी लागल्यासारखं वाटलं. सरांनी मग जवळून, लांबून, आडून मारून बघितलं. शेवटी दमून त्यांनी विचारलं, "आधी कुठे खेळलास?"

"टेम्पोत," मी म्हटलं.

दोन वर्षांत मी गोव्यात होतो. पुढे कोलकाता, शिलाँग, केरळ, पंजाब. शिलाँगच्या थंडीत चेंडू दगडासारखा लागायचा. कोलकात्यात गोलमागे बसणारा एक म्हातारा मला नव्वद मिनिटं शिव्या द्यायचा आणि सामना संपला की संत्री द्यायचा. मी नागपुरी संत्र्यांच्या मुलखातला, पण त्याचं मन मोडवत नसे.

या सगळ्या गावांत मी तो नियमही सोबत नेला होता. गोल झाला की माझा उजवा हात आपोआप वर जायचा. माझी चूक. डिफेन्डरनं माणूस मोकळा सोडला असो, कुणाचा पाय लागून चेंडू वळला असो, हात माझाच वर. डिफेन्डर माझ्यावर जाम खूश असायचे. मला वाटायचं, म्हटलं की संपलं, आता पुढचा चेंडू. फुटबॉलमध्ये बाहेर एक माणूस वही घेऊन बसलेला असतो, आणि त्याच्यासाठी ते संपत नाही, हे मला कळायला फार वर्षं लागली. केरळात मी माझ्या मते झकास खेळलो होतो. मॅनेजरनं बोलावून पुढच्या वर्षी नको म्हणून सांगितलं. मी कारण विचारलं तर तो सभ्य माणूस जरा गोंधळला. "तूच तर दर वेळी सांगायचास," तो म्हणाला. मी हसलो. तो हसत नव्हता. लोक म्हणतात, केवढा फिरलास! फिरलो कसला, काढत होते.

पंजाबचा क्लब नववा. मी चौतीस वर्षांचा होतो. नव्या कोचनं हंगामाच्या मध्यावरच सांगून टाकलं की दोन जुन्यांपैकी एकालाच पुढचं वर्ष मिळेल, मला किंवा कप्तानाला. कप्तान माझ्याच वयाचा, मधल्या फळीमागे खेळणारा डिफेन्डर, भला माणूस. मला ते वर्ष हवं होतं. आठ क्लबांतून मला दुसऱ्यांनी काढलं होतं, शेवटच्यातून तरी मला माझ्या पायांनी बाहेर पडायचं होतं. एवढी एकच हौस उरली होती, आणि ती मी बायकोलासुद्धा पुरती सांगितली नव्हती.

नेमकं त्याच आठवड्यात कप्तानानं मला मागे दिलेला पास आखूड पडला. त्यांचा फॉरवर्ड मध्ये घुसला आणि गोल. आम्ही एका गोलनं हरलो. माझा हात वर गेला होताच. त्यानंतर दहा दिवसांची सुटी होती, आणि सुटीनंतर सगळ्यांसमोर त्या सामन्याचा व्हिडिओ बघायचा होता. कोच प्रत्येक गोलला एकच प्रश्न विचारायचा, कुणाची चूक?

मी घरी आलो तेव्हा टरबूज निघालं होतं. मी सवयीनं टेम्पोत चढलो, दादा खाली. फेकता-धरता मी त्याला सगळं सांगितलं. तो एक टरबूज कमरेवर घेऊन थांबला.

"काहून घेतं तू अंगावर?"

"बाबांचा नियम आहे ना."

दादा हसला, मग हसायचा थांबला. "अबे, तो नियम माह्यासाठी होता. माहे टरबूज वाकडे यायचे, तू रोज माह्याशी भांडायचा, अन् मी रडायचो. तुले आठवत नाही, तू लहान होता. मंग बाबानं एक दिवस नियम काढला." त्यानं टरबूज खाली ठेवलं. "तिथं कोणाचं कोपर वाकडं हाय?"

नऊ गावांच्या नऊ खोल्या, दर वेळी भरलेल्या त्या बॅगा, सगळं एकदम अंगावर आलं आणि मला सणसणीत राग आला. बाबांचा आला. बाबा तिथेच सुतळी सोडवत उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं, मान वर केली नाही. मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोललो नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना ते आपणहून म्हणाले, "पोराइचं भांडण मिटवाले केलता. तू परमुलखात घेऊन जाशीन, हे मले का ठाऊक?" मी भाकरी मागून घेतली.

पंजाबात कोचनं व्हिडिओ लावला. आखूड पास, फॉरवर्ड, गोल. त्यानं चित्र थांबवलं आणि विचारलं. माझा उजवा हात गुडघ्यावरून वीतभर उचलला गेला होता. मी तो डाव्या हातानं खाली दाबून ठेवला. "पास आखूड होता," मी म्हटलं.

कप्तानानं पडद्याकडे बघितलं. "हो, आखूडच होता. माझी."

कोचनं बटण दाबलं आणि पुढचा गोल लागला. बस, इतकंच. मला इतकी वर्षं वाटत आलं होतं की असं बोललो तर काहीतरी तुटेल. काही तुटलं नाही, कप्तान बाहेर आल्यावर चहा प्यायला चल म्हणाला.

मला वर्ष मिळालं. त्याला नाही मिळालं. त्याचे गुडघे गेले होते, तो एक पास आखूड पडला नसता तरी हेच झालं असतं, असं त्यानंच मला सांगितलं. वाईट मला वाटलंच, अजून वाटतं. पण ते वर्ष मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं खेळलो, आणि हंगाम संपल्यावर कुणी बोलवायच्या आधी ऑफिसात जाऊन सांगितलं की मी चाललो. हे सांगताना मला जो माज आला होता, तो मी अजून उतरू दिलेला नाही.

यंदा टरबूज निघालं तेव्हा मी दादाला म्हटलं, तू वर चढ, मी फेकतो. "मले जमते का?" म्हणून तो मागे सरला. बाबा आता बांधावर बसूनच असतात. तिथून ते म्हणाले, "चढ."

दादा चढला. त्याला छान जमत होतं. वाकडं कोपर धरायला उलट सोयीचं पडतं, हे आम्हा तिघांपैकी कुणाला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं. तीस-चाळीस टरबुजं नीट गेली, आणि मग मला अवदसा आठवली. गोलमधून लांब फेकायचो तसं एक जोरात सोडलं. ते दादाच्या छातीवर फुटलं. शर्ट लालभडक झाला, बिया दाढीत गेल्या.

मी वाट बघत उभा राहिलो. दादानं तोंड पुसलं आणि माझ्यावर ओरडला, "कसं फेकून राहिला बे? तुहं फुटलं, तुहं!"

बांधावर बाबा तोंडाला गमछा लावून हसत होते. मी उजवा हात वर केला. "माहं फुटलं!" मोठ्यांदा म्हटलं. आणि ते खरंच माझं होतं.