बेटेगावची मोरी

शिंदखेड्याच्या स्टँडवर बोईसरची गाडी लागली तेव्हा माझी लेक गौरी मायच्या कडेवर होती. माय म्हणजे माझी आई. मी चढताना पोरीला दिसू नये म्हणून तिनं गौरीचं तोंड रसवंतीकडे करून धरलं होतं. चरकाचे घुंगरू वाजत होते आणि गौरी ते बघण्यात रमली होती. माझ्याकडे न बघताच माय म्हणाली, "पोरले मी दखसु. तू चढ." पोरीला ती बघणार होती. मी चढले. खिडकीतून मला गौरीची फक्त पाठ दिसली, आणि झबल्याची सुटलेली नाडी.

तिचे पप्पा बोईसरला एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर लागले होते. राहायला एकच खोली, तीही त्यांच्याबरोबरच्या एका जोडप्याशी वाटून घेतलेली, मध्ये चादरीचा पडदा. तिथे नुकतं चालायला लागलेलं लेकरू कुठे ठेवणार? मीही काहीतरी काम बघेन, दिवाळीपर्यंत स्वतःची खोली घेऊ आणि गौरीला नेऊ, असं ठरलं. ती दिवाळी गेली, पुढचीही गेली. तुमच्यापैकी ज्या बाया वापीला, सुरतेला, नाशिकला गेल्या, त्यांना यातलं काही समजावून सांगायला नको. गावी राहिलेल्यांना मात्र मी कितीदा सांगितलं तरी ते पुरतं सांगून होत नाही.

बेटेगावात चाळीतली खोली मिळाली तेव्हा शेजारी उत्तर प्रदेशातलं एक कुटुंब होतं. त्यातली बाई पॅकिंगला जायची. तिनं विचारलं, दिवसभर माझ्या पिंटूला ठेवशील का. मी ठेवलं. मग कोणी कोणाला सांगितलं आणि मुलं वाढत गेली. चिंचणीच्या सुमनबाई बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसत. त्यांची सून कामावर जायची, म्हणून त्यांचा नातूही माझ्याकडे आला. पिंटू मला आंटी म्हणायचा, बाकीची मावशी. असं ठरवून काही न करता मी मुलं सांभाळणारी बाई झाले.

चाळीमागे भाताची खाचरं होती. लावणीच्या दिवसांत मुलांना तिथून आवरणं माझ्या हातातलं नव्हतं. दारात बसून भाजी निवडत असले तरी तेवढ्यात सगळी बांधावरून घसरत खाली गेलेली असायची. आपल्याकडची काळी माती पायाला गोळ्यागोळ्यानं चिकटते, काठीनं खरवडली की निघते. इथला चिखल पातळ. तो कानात जातो, केसांच्या मुळाशी बसतो. पहिल्या वेळी मी घाबरून पिंटूच्या डोक्यावर एकदम तांब्या ओतला, तर सगळा चिखल डोळ्यांत उतरला आणि त्यानं चाळ डोक्यावर घेतली. हळूहळू शिकले. आधी पाय, मग हात, पाण्याची सवय झाली की पाठ, आणि डोकं शेवटी, कपाळावर आडवा हात धरून. नळाला पाणी सकाळीच यायचं. तेवढं पिंप पुरवायचं, म्हणून एकाच्या अंगावरून उतरलेल्या पाण्यात दुसऱ्याचे पाय उभे करायचे.

मुलं मोरीत एकामागून एक उभी राहायची आणि मला प्रत्येकाचं अंग पाठ झालं होतं. पिंटूच्या पाठीवर तीळ होता. सुमनबाईंच्या नातवाला काखेत हात लागला की गुदगुल्या व्हायच्या. आणि गौरीच्या कानामागे एक लाल डाग होता, तो अजून आहे की गेला, हे मला माहीत नव्हतं. फोनवर माय सांगायची, आज वरणभात खाल्ला, आज पडली पण रडली नाही. डागाचं विचारायचं मी टाळत असे.

शाळेत घालायची वेळ आली तेव्हा गौरीला आणलं. माझ्याएवढाच आनंद तिलाही होईल असं मी धरून चालले होते. ती आली, खोली पाहिली, भिंतीला टेकून बसली. बाकीची मुलं मावशी म्हणतात म्हणून तीही मला मावशी म्हणू लागली. पप्पा तिला समजावायला गेले, तर तिनं तोंड फिरवलं. जेवायची, झोपायची, पण अंगाला हात लावू द्यायची नाही. मोरीचं दार ओढून घ्यायची आणि एकटीच अंघोळ करून यायची, अर्धा साबण तसाच अंगावर.

त्याच पावसाळ्यात एका दुपारी सगळी मुलं खाचरात गेली, आणि पहिल्यांदाच गौरीही त्यांच्याबरोबर गेली. परत आली तेव्हा कोण कुठलं ते ओळखू येत नव्हतं. मी एकेकाला मोरीत घेतलं. गौरीचा दंड धरला, तर ती ताठ झाली. मी जरा ओढलं. त्यावर ती रडत म्हणाली, "माले माय जोयजे."

माय हवी. तिची माय म्हणजे आजी. मी मायला माय म्हणते, तेच फोनवर ऐकून ती तसं म्हणायला शिकली होती.

मी हात सोडला. सुमनबाई नातवाला न्यायला आल्या होत्या, टोपली दाराशी ठेवून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "बाय, तिला ओढू नको. नाय येत तर नाय येत. तुजीच हाय ना, कुठं जाते?"

मी बाकीच्यांना धुवायला लागले. गौरी उंबऱ्यावर बसून बघत होती. तिच्या अंगावरचा चिखल वाळत चालला होता. सुमनबाईंचा नातू सर्वांत लहान, त्याच्या डोक्याला मी साबण लावला आणि तांब्या हाताला येईना. बादलीमागे गेला होता. गौरी उठली, तांब्या काढून तिनं पाणी भरलं आणि माझ्या हातावर हळूहळू ओतू लागली. तो धुऊन झाला, पुसून झाला, आजीबरोबर गेला. मोरीत आम्ही दोघीच राहिलो. माझं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं.

"तुझे पाय राहिले," ती म्हणाली.

मी पाय पुढे केले. तिनं त्यांवर पाणी ओतलं आणि बोटांच्या मधला चिखल स्वतःच्या बोटांनी काढला, अगदी मन लावून. दोन्ही पाय झाल्यावर तांब्या माझ्या हातात दिला आणि आपला एक पाय माझ्यासमोर धरला. मी पायापासून सुरुवात केली. डोक्याशी आले तेव्हा कपाळावर आडवा हात धरला, कान दुमडून पाहिला. डाग होता. फिकट झाला होता, पण होता.

त्या दिवशी ती मला आई म्हणाली, असं काही झालं नाही. ते कधी सुरू झालं, ते मला सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं की बरेच दिवस झाले, ती म्हणते आहे.

आता गौरी पालघरला कॉलेजात जाते. तिचं बोलणं इथलं झालंय, घाईत असली की "आमी" म्हणते. पिंटूचे लोक गावी परत गेले. खाचरांवर इमारती आल्या आणि आम्हीही त्यांतल्याच एकीत दोन खोल्या घेतल्या. मुलं अजून येतात माझ्याकडे. चिखल मात्र त्यांना आता शोधावा लागतो आणि ती शोधतात.

गेल्या महिन्यात मायकडे गेले होते. ती थकली आहे, पण जवळ कोणी राहिलेलं तिला चालत नाही आणि बोईसरला यायचं नाव काढत नाही. सकाळी मी चुलीपाशी बसले होते. सहज तोंडातून गेलं, "घरी पाणी आलं असेल आता." मायनं भाकरी थापता थापता हात थांबवला. मला तेव्हा कळलं मी काय बोलले ते. ज्या घरात मी जन्मले त्याच घरात बसून मी दुसऱ्याच जागेला घर म्हणाले होते. तिला लागलं असेल, असं वाटून मी काहीतरी सारवासारव करू लागले.

मायनं भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले आणि म्हणाली, "नीघ आते मंग. पोरे वाट दखतीन तुनी."

पोरं वाट बघत असतील. तिनं ते साधेपणानं म्हटलं, कामावर जाणाऱ्या माणसाला म्हणावं तसं. गरम भाकरी फडक्यात बांधून दिली. मी दुपारची गाडी धरली.